कणीचा श्वास

हैदराबाद,
२ ऑगस्ट

आदरणीय आत्यास,
रुचिताचा सविनय जयभीम. वि. वि.

पोचले. खोली तिघींची आहे. खिडकी उघडली की समोर दुसरी खिडकी. कंपनी औषधांची, आम्ही गोळ्या बनवत नाही, बनलेल्या तपासतो. प्रशिक्षण जानेवारीपर्यंत चालेल. मध्ये सुट्टी घेतली तर पुढच्या तुकडीत ढकलतात आणि त्या तुकडीत जागा असेलच असं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

कणी आणि चुरी कशा आहेत? बाबांच्या दम्यामुळे जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये त्यांना ठेवणं शक्य नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रयोग संपल्यावर उरलेल्या उंदरांचं काय करतात ते मी तुला सांगितलं होतं. तू एवढंच म्हणालीस की दोघी आहेत ना, दे. 

आता कामाचं. खाली अंथरायला धानाचं तणीस नको, कोंडाही नको. त्यांची धूळ या जातीच्या छातीला सोसत नाही. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे चालतील, पण रोज बदल. मुतलेल्या कापडाच्या वासानेही त्यांचा श्वास बिघडतो. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल दिसलं तर घाबरू नकोस. ते रक्त नसतं. उंदीर आजारी पडला किंवा भ्याला की त्याच्या आसवांना तो रंग येतो. आणि सकाळ-संध्याकाळ एकेकीला उचलून कानाशी धरायचं. आत बारीक टकटक किंवा शिट्टी ऐकू आली की निळ्या झाकणाच्या बाटलीतलं औषध सुरू करायचं.

लिहून झाल्यावर लक्षात आलं की कानाशी धरायला मी कोणाला सांगते आहे. पण खोडत नाही. तू हसशील म्हणून.

तुझी माया माझ्यावर आहे तशीच या दोघींवर असू दे.

तुझी,
रुचिता

—

एकोडी,
८ ऑगस्ट

चि. रुचितास,
आत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

हसले. माझ्या कानाशी रेडा धरलास तरी मला त्याचं शिंगच लागेल.

फोनऐवजी तू पत्र लिहितेस ते बरं करतेस. फोन आला की मला नुसती थरथर कळते. शेजारच्या लीलाबाईच्या सुनेच्या फोनवर निरोप मात्र पाठवू नकोस. तिथे गेलेला निरोप माझ्या आधी पाणवठ्यावर पोचतो. लीलाबाईने परवा अंगणात उभं राहून मोठ्याने विचारलं की सारा गाव उंदराले मारून राहिला अन् तूच काहून पोसून राहिली, बाई. ओठांवरून कळलं, तरी मी म्हटलं, ऐकू नाही आलं. तिने पुन्हा विचारलं. मला पुन्हा ऐकू आलं नाही.

चुरी खाते, धावते, माझ्या चष्म्याची दोरी कुरतडते. कणी बरी नाही. तीन-चारदा शिंकली. शिंकताना अंग हलतं, त्यावरून कळलं. डोळ्यांभोवती तू म्हणतेस तसं लाल आलं आहे. म्हणून निळ्या झाकणाची बाटली सुरू केली. अंगणवाडीत नोकरीला असताना इतकी पोरं ड्रॉपरने औषध पिऊन माझ्या अंगावर थुंकली की हिचं काही वाटलं नाही. गालाच्या कोपऱ्यातून थेंब सोडते. ही थुंकत नाही.

आणि कणीला आजच वेगळं ठेवलं. शेळीला सर्दी झाली की आपण ती दुसऱ्या खुंट्याला बांधतो, नाहीतर कळपच शिंकायला लागतो. कणीला बांबूची टोपली दिली, चुरीला पिंजरा. मधे भिंत आहे. काळजी नसावी.

धानाची रोवणी संपली. शेतातल्या बांध्या हिरव्या दिसतात. मंगरूला म्हणावं दम्याचा पंप वेळेवर घेत जा. बहिणीचं ऐकत नाही तर लेकीचं ऐक.

इकडची ओढ राहू दे.

तुझी आत्या,
पार्वता

—

हैदराबाद,
१३ ऑगस्ट

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. लगेच लिहिते आहे, तरी हे पोचेपर्यंत चार दिवस जातील, याचा राग येतो.

त्यांना वेगळं करू नकोस. शेळीची गोष्ट वेगळी. छातीच्या दुखण्याचा हा जंतू दोघींच्या अंगात जन्मापासूनच आहे. आईकडून आलेला असतो. चुरीला तो लागायचा राहिलेला नाही. पण उंदीर एकटा ठेवला की खाणं सोडतो, आणि आजारात खाणं सोडलेला उंदीर फार टिकत नाही. हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं. तुझ्याकडे शेळ्या आहेत हे मला ठाऊक होतं.

औषध बंद करू नकोस. आठवड्यात फरक दिसायला हवा. नाही दिसला तर कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
रुचिता

—

एकोडी,
१५ ऑगस्ट

चि. रुचितास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहिते.

वेगळं ठेवल्यापासून कणीने तोंडात काही घेतलं नाही. भात नाही, उकडलेलं अंडं नाही. काल मी निंदणाला गेले. परत येऊन पाहते तर पिंजरा रिकामा. चुरीने पिंजऱ्याच्या दाराची तार वाकवली, टोपलीच्या बांबूला मुठीएवढं भोक पाडलं आणि आत जाऊन कणीच्या अंगावर अर्धी चढून झोपली. मी दोघींना तसंच राहू दिलं. संध्याकाळी कणीने अंड्याचा पिवळा खाल्ला. माझं चुकलं होतं, ते चुरीने सुधारलं. टोपली गेली.

पण औषधाचा गुण नाही. तुझ्या पद्धतीने मला ऐकता येत नाही, म्हणून मी दोघींना तळहातात धरून अंगठा बरगडीवर ठेवते. चुरीच्या अंगात थोडी खरखर आहे. पीठगिरणी चालू असताना बाहेरच्या भिंतीला हात लावावा तशी. ती अशीच असावी, कारण तरी ती माकडासारखी चढते. कणीच्या अंगात ती खरखर नाही. अगदी नाही. तिचं नुसतं पोट भात्यासारखं चालतं, बसल्या जागी. बरगडीखाली ठोका घाईने लागतो, मध्येच चुकतो. पाय थंड असतात आणि तळवे जांभळट. अंग मात्र वजनाला जड लागतं, खात नसूनही.

हे तुझ्या उपयोगाचं आहे की नाही ते मला कळत नाही. हाताला लागलं तेवढं लिहिलं.

आज विहारात झेंडावंदन झालं. लाडू मिळाला, तिला दिला नाही.

तुझी आत्या,
पार्वता

—

हैदराबाद,
१९ ऑगस्ट

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी नागपूरच्या डॉक्टरबाईंना फोनवर वाचून दाखवलं. लहान जनावरं तपासणाऱ्या त्या एकच मला माहीत आहेत. त्यांनी खरखर नाही हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या की हे फुप्फुस नसावं, हृदय असावं. हृदय थकलं की छातीत आणि पोटात पाणी साचतं. श्वास तसाच लागतो, म्हणून सगळे आधी छातीचंच औषध देतात. मीही तेच लिहून ठेवलं होतं. म्हणून वजन जड आणि पाय थंड. पण छातीचा फोटो काढल्याशिवाय त्या औषध द्यायच्या नाहीत.

बाबांना सांगितलं आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा बहुतेक ते तुझ्या दारात उभे असतील. त्यांच्यासोबत नागपूरला जा. कणीला जाळीच्या पेटीत ने, ऊन लागू देऊ नकोस, आणि चुरीलाही सोबत घे. एकटी असली की कणी घाबरेल आणि घाबरली की श्वास आणखी लागेल.

ऐकू येईनासं झाल्यापासून तू साकोलीच्या पलीकडे गेली नाहीस, हे मला ठाऊक आहे. गाडीचा भोंगा ऐकू येत नाही म्हणून तू रस्ता ओलांडत नाहीस. हे सगळं माहीत असून सांगते आहे.

तुझी,
रुचिता

—

एकोडी,
२६ ऑगस्ट

चि. रुचितास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

जाऊन आले. मंगरूने रस्ते ओलांडताना माझा दंड असा धरला की अजून काळानिळा आहे. तोंडाला रुमाल बांधून, पेटीपासून एक बाक दूर बसून त्याने भाचीची नाही, नातीची नाही, पण उंदराची सेवा केली, असं त्याने स्वतःच तुला सांगायला सांगितलं आहे. एसटीत एका माणसाने पेटीत काय आहे विचारलं. मंगरूने कबुतर सांगितलं. मग त्या माणसाने भंडाऱ्यापर्यंत कबुतरांवर बोलून घेतलं, असं मंगरू म्हणतो. मला ते सुख लाभलं नाही.

डॉक्टरबाई वयाने तुझ्याएवढ्याच आहेत. आधी त्यांनी कणीला काचेच्या डब्यात ठेवून नळीने प्राणवायू सोडला. तळवे गुलाबी झाले तेव्हाच हात लावला. फोटोत मला पांढरं आणि काळंच दिसलं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदय हवं त्याच्या दीडपट झालं आहे. बरं होणार नाही. पाणी उतरवणारं औषध आणि हृदयाला जोर देणारं औषध, दोन्ही रोज दोन वेळा. मीठ नाही. चढायला शिड्या नाहीत. किती दिवस मिळतील, असं मी कागदावर लिहून विचारलं. त्यांनी लिहिलं, काही आठवडे, कदाचित काही महिने. चांगले जातील असं बघू.

औषधाला गुण आहे. पहिल्याच दिवशी इतकी मुतली की चुरी उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. आता पाय कोमट लागतात. काल तिने माझ्या बाहीत शिरून कोपरापर्यंत प्रवास केला.

बांधीत उंदरांनी धानाचे बुडखे कातरायला सुरुवात केली आहे. लीलाबाईचा मुलगा सुखराम म्हणतो की यंदा सगळ्यांनी एकाच वेळी विषाचं आमिष घालू, नाहीतर एका शेताच्या धुऱ्यावरचे पळून दुसऱ्या धुऱ्यात जातात. मला म्हणाला की मावशी, तुमचे सोयरे हायत म्हणून सूट नाही भेटणार. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना मी पहिल्या, जीव न घेण्याच्या शीलाशी दरवर्षी थोडी अडखळते. यंदा जरा जास्त. तरी धान आपल्यालाच खायचं आहे.

जप स्वतःला.

आत्या

—

एकोडी,
१२ सप्टेंबर

चि. रुचितास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं होतं आणि चांगलं लिहायला घाई वाटत नाही.

आता नाही. चार दिवसांपासून कणी मान वर करून बसते. झोपत नाही, कारण आडवी झाली की श्वास अडतो. मी लुगड्याची गुंडाळी करून दिली आहे, तिच्यावर हनुवटी टेकते. मंगरूने डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी पाण्याचं औषध वाढवलं. याने दोन दिवसांत उतार पडला नाही तर पुढे औषध नाही, असं म्हणाल्या. मग झोपेचं इंजेक्शन. आधी गुंगी देतात, मग सुई. तिला कळत नाही म्हणतात. पण मालकाने हो म्हणायला हवं.

खाते. थोडं. चुरीने तोंड पुसलं की डोळे मिटते. म्हणून मला ठरवता येत नाही. तू कळव.

आत्या

—

हैदराबाद,
१७ सप्टेंबर

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम.

सुट्टी मागितली. कारण विचारलं. मी उंदीर आजारी आहे म्हटलं. साहेबांनी मान खाली घातली, हसत होते. मग म्हणाले की जायचं तर जा, पण परतल्यावर ही तुकडी विसर.

मी येऊ शकत नाही. एवढ्या दुरून हो किंवा नाही म्हणणंही मला जमत नाही. फोनवर डॉक्टरबाईंना हो म्हणायला गेले आणि औषधाचं प्रमाण विचारून फोन ठेवला. तूच ठरव. तू दर वर्षी धुऱ्यावर आमिष घालतेस. तुझ्या हाताला सवय आहे. माझ्या नाही.

कणीला माझा हात लाव.

रुचिता

—

एकोडी,
२१ सप्टेंबर

चि. रुचितास,
जयभीम.

पत्र वाचून बाजूला ठेवलं, चुलीवर भात ठेवला, आणि मग पुन्हा वाचलं. तू चूक लिहिलं नाहीस, म्हणून रागावता आलं नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्या हाताला सवय आहे हे खरं. पण ती सवय न पाहण्याची आहे. मी बिळाशी विषाची पुडी ठेवते आणि परत फिरते. कोण मेलं, कसं मेलं, ते मला माहीत नसतं. त्याच्यासाठी कोणी माझ्याकडे हो मागत नाही. कणीला मी दीड महिना दिवसातून दोन वेळा तळहातात धरली आहे. ती सवय इथे कामाला येत नाही.

आणि दुसरं. त्या दोघींना प्रयोगशाळेतून तू उचलून आणलंस. दुसरे होते, त्यांना नाही आणलंस. म्हणजे तू एकदा ठरवलं आहेस. ज्याने जगवायचं ठरवलं त्यानेच हे ठरवावं, असं मला वाटतं. मी म्हातारी आहे म्हणून, बहिरी आहे म्हणून किंवा धान पिकवते म्हणून ते माझ्याकडे येऊ नये.

वाढवलेल्या औषधावर कणी तग धरून आहे, उतार नाही. तुझी तुकडी जाईल. मी ते हलकं समजत नाही. मंगरूने कारखान्याच्या भट्टीसमोर उभं राहून तुला शिकवलं आहे. म्हणून ये असं मी सांगत नाही. एवढंच सांगते की मी ठरवणार नाही. तू आलीस तर दार उघडं आहे. नाही आलीस तर मी तिची मान वर धरून बसेन, जितका वेळ लागेल तितका.

आत्या

—

जवाहरनगर,
२७ सप्टेंबर

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

कणीला घेऊन तुझ्या दारातून निघाले तेव्हा तू काही विचारलं नाहीस, चुरीला का ठेवून जाते आहेस एवढंसुद्धा. मी तेव्हाच ठरवलं होतं. जाऊन बघू असं म्हणत होते, पण चुरीला ठेवलं तेव्हा तुला कळलंच असेल.

साकोलीला गाडी उभी होती. कणीला पेटीत ठेवलं नाही. ओढणीत गुंडाळून छातीशी धरली, मान वर राहील अशी. लाखनीजवळ तिने माझं बोट चाटलं. मीठ लागलं असेल. डॉक्टरबाईंनी मनाई केलेलं मीठ. चाटू दिलं.

डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. म्हणाल्या की आज रात्र निघेल, उद्याची सांगता येत नाही. आणि शेवट आपोआप आला तर तो गुदमरून येईल. मग त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. फार लहान आवाज आला. त्यांना पुन्हा विचारावं लागलं आणि मला पुन्हा म्हणावं लागलं.

गुंगी काचेच्या डब्यात दिली. मग कणीला माझ्या हातात ठेवलं. तू शिकवलंस तसा मी अंगठा बरगडीवर ठेवला. पहिल्यांदा इतक्या दिवसांत तिचं पोट भात्यासारखं चालत नव्हतं. मग सुई झाली. ठोका लागत होता, लागतच राहिला. डॉक्टरबाईंनी नळी लावून ऐकलं आणि झालं म्हणाल्या. मी म्हटलं नाही, अजून लागतोय. त्यांनी माझा अंगठा उचलून टेबलावर ठेवला. तिथेही लागत होता. तो माझाच होता.

बाबांनी क्वार्टरच्या मागे कडुनिंबाखाली खड्डा खणला. दम लागला तरी फावडं दिलं नाही.

उद्या हैदराबादला जाते. पुढच्या तुकडीसाठी अर्ज करायला सांगितलं आहे. जागा आहे की नाही ते तिथे गेल्यावर कळेल. मी १७ तारखेला जे लिहिलं ते तुला लिहायला नको होतं. पण त्याला तू जे उत्तर दिलंस ते मिळायला हवं होतं.

तुझ्या मायेची,
रुचिता

—

एकोडी,
३ ऑक्टोबर

चि. रुचितास,
आत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

पत्र पोचलं. चुरी पहिला दिवस लुगड्याच्या गुंडाळीवर बसून राहिली. खाल्लं नाही. आता मी स्वयंपाक करताना तिला पदराच्या ओच्यात बांधून घेते. लीलाबाईने पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी ऐकू न येण्याची वेळ आली. पण ती वळून घरी गेली आणि वाटीत उकडलेली लाखोरीची डाळ घेऊन आली. खायला दे म्हणाली. बिनमिठाची आणली होती.

तू कणीला घेऊन गेलीस त्याच दिवशी गावाची उंदीर मारायची मोहीम होती. हे तुला सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या धुऱ्यावरची बिळं चिखलाने लिंपली होती. मीही लिंपली होती. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतात ती जिवंत बिळं. त्यांतच आमिष घालायचं. मी सुखरामला म्हटलं की आज माझ्या धुऱ्यावर नाही. तो म्हणाला की मावशी, साऱ्या गावचे तुमच्याच बांधीत येतील मंग. मी म्हटलं, येऊ दे, आजचा दिवस. तो बांधावर उभा राहून पुष्कळ बोलला. त्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे काय बोलला ते माहीत नाही. खरं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. बिळं उघडी होती, नेहमीपेक्षा जास्त. धान पोटरीत आलं आहे, लोंब्या निघायच्या बेतात, आणि कातरलेले बुडखे ओळीने पडले होते. पुडी ठेवण्याआधी मी एका बिळाच्या तोंडाशी तळहात धरला. का धरला ते सांगता येत नाही. सकाळची माती गार होती आणि आतून ऊब येत होती. म्हणजे आत कोणी तरी होतं. आजवर मी कधी हात धरून पाहिलं नव्हतं.

मग पुडी ठेवली. सगळ्या बिळांशी ठेवली, आणि प्रत्येकाशी आधी हात धरला.

अर्जाचं काय झालं ते कळव.

तुझी आत्या,
पार्वता